पंखे मागायची रीत

रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख बाई प्राचार्यांच्या खोलीत शिरल्या त्या खोकतच. हा खोकला कॉलेजात सगळ्यांच्या ओळखीचा होता. जिन्यावर ऐकू आला की पोरं गप्पा आवरत्या घेत. प्रयोगशाळेतला धूर बाहेर फेकणारे पंखे कधीचे बंद पडले होते आणि विद्यापीठाच्या तपासणी समितीने या खेपेला निर्वाणीचं सांगितलं होतं, पुढच्या सत्राआधी पंखे फिरताना दिसले नाहीत तर प्रयोगशाळेला कुलूप. प्रयोगशाळेला कुलूप म्हणजे अख्ख्या विभागाला कुलूप, आणि बाईंच्या जिवात जीव असेपर्यंत ते व्हायचं नव्हतं.

"सर, उद्या फाउंडेशनच्या मॅडम येतायत ना? मी त्यांच्याकडे पंखे मागणार आहे."

प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, हळू बोला! पंखे म्हणजे वस्तू. फाउंडेशन वस्तू देत नाही, परिवर्तन देतं. कितीदा सांगू?"

"ते परिवर्तन भिंतीत कसं बसवायचं तेवढं सांगा, म्हणजे मी गवंडी बोलावते."

पूर्वी हे असं नव्हतं हो. फाउंडेशन काढणारे म्हातारे मालक होते तोवर कॉलेजने टेबल मोडलं म्हणायचं आणि त्यांनी सुतार धाडायचा, एवढाच मामला. ते गेले आणि तज्ज्ञ आले. टेबलं वाटून समाज बदलत नसतो, असं तज्ज्ञांनी जाहीर केलं. मग एका वर्षी नेतृत्व, पुढच्या वर्षी नवविचार, त्यानंतर निर्भयता, अशी दरसाल नवी टूम निघायची आणि सगळं कॉलेज तिच्यामागे धावायचं. भूगोलवाल्यांनी नकाशे मागितले तर त्यांच्या गळ्यात नेतृत्वाचं शिबिर पडलं.

बाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. निर्भयतेच्या वर्षी त्यांनी डोकं लढवून लिहिलं, 'विद्यार्थिनींना न घाबरता प्रयोगशाळेत पाऊल टाकता यावं, यासाठी मदत हवी.' मदत आली! एक गृहस्थ आले आणि त्यांनी मुलींना बाकांवर उभं करून बेंबीच्या देठापासून ओरडायला लावलं. मुली निर्भय झाल्या आणि निर्भयपणे खोकू लागल्या.

आता म्हाताऱ्या मालकांची नात, म्हणजे याच मॅडम, कारभार बघू लागली होती. तिने अर्ज बंद केले, अहवाल बंद केले. 'आम्ही येऊ, बसू, तुमचं ऐकून घेऊ,' एवढाच तिचा निरोप आला होता. कुणाही सरळ माणसाला हायसं वाटलं असतं. प्राचार्यांचं मात्र धाबं दणाणलं.

"नुसतं ऐकायला कोण येतं हो?" ते म्हणाले. "ही परीक्षा आहे. बाई, तुम्ही फक्त हसायचं. बोलेन मी."

"आणि मलाच विचारलं तर?"

"तर 'परिवर्तन' म्हणायचं आणि माझ्याकडे बघायचं."

बाईंनी ओठ घट्ट मिटले, आणि त्यांना ओळखणारे अशा वेळी चार हात लांब राहत.

प्राचार्य कामाला लागले. प्रयोगशाळा कळकट दिसते म्हणून त्यांनी त्याच दुपारी रंगारी बोलावले. रंगाऱ्यांनी भिंती रंगवल्या, दारं रंगवली आणि उत्साहाच्या भरात बंद खिडक्याही रंगवून टाकल्या. मग प्राचार्यांना वाटलं, प्रयोगशाळा भरलेली दिसायला हवी. धूर कोंडतो म्हणून बाई एका वेळी निम्मीच मुलं आत घेत; प्राचार्यांनी परस्पर सूचना लावली की उद्या सगळ्यांनी एकदमच यायचं.

सकाळी बाई येऊन बघतात तो प्रयोगशाळा खच्चून भरलेली, नळ्या तापलेल्या आणि अमोनियाचा वास नाकात शिरू लागलेला. त्यांनी धावत जाऊन खिडकीला हात घातला. खिडकी ढिम्म हलेना. दुसरी ओढली, तिसरीला खांदा लावला. रंग वाळून सगळ्या खिडक्या चौकटींना घट्ट चिकटल्या होत्या.

"बंद करा रे बर्नर! सगळे बाहेर व्हा!" बाई कडाडल्या.

पण त्याच क्षणी दार उघडलं आणि प्राचार्य पाहुणीला घेऊन आत आले. दार त्यांनी अदबीने मागे लावूनही घेतलं. वास त्यांनाही झोंबला, पण डगमगतील तर ते प्राचार्य कसले!

"मॅडम, इथल्या वातावरणातच..." त्यांना ठसका लागला, "...वातावरणातच परिवर्तन आहे!"

"हो, जाणवतंय," पाहुणी डोळे चोळत म्हणाली.

"आमचे विद्यार्थी किती भारावलेत बघा. डोळ्यांत पाणी आहे त्यांच्या."

"माझ्याही आहे! आधी बाहेर काढा मला!"

मग एकच गलका उडाला. पोरं दाराकडे धावली, दाराला सकाळीच रंगाचा दुसरा थर दिलेला, तो ओला म्हणून कुणी हात लावेना, शेवटी बाईंनीच ढकलून ते उघडलं आणि पाहुणीचं मनगट धरून तिला व्हरांड्यात आणलं. आत शिरून सगळे बर्नर विझवले, राहिलेली मुलं मोजून बाहेर काढली आणि मगच त्या स्वतः खोकायला मोकळ्या झाल्या. पाहुणीने तोंडावर पाणी मारलं. तिचं नाक लालबुंद झालं होतं आणि बाईंच्या हातून तिच्या बाहीला हिरवा रंग लागला होता.

"बाई, मला एकच सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला नक्की काय हवंय?"

तिच्या पाठीमागून प्राचार्य ओठांनी 'प-रि-वर्-त-न' असं जुळवून दाखवत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कठड्याला टेकून खोकणाऱ्या आपल्या मुलांकडे पाहिलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पंखे," बाई म्हणाल्या. "धूर बाहेर फेकणारे पंखे. बाकी काही नको. नेतृत्व नको, ओरडणारे गृहस्थ नकोत. पंखे नसतील तर ही प्रयोगशाळा बंद होणार आहे, आणि मी ती बंद होऊ देणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर दुसऱ्या दारात जाईन, पण पंखेच मागेन."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

"ते ओरडणारे गृहस्थ मीच पाठवले होते, तज्ज्ञांच्या हाताखाली शिकत होते तेव्हा," पाहुणी ओशाळून म्हणाली. "मला वाटलं होतं, इथल्या मुली फारच भित्र्या आहेत. अहो, पण मग पंखे असं सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर दिले असतेत?"

पाहुणीने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ती म्हणाली. "तेव्हा नसते दिले. आता देते. किती कॉलेजं पालथी घातली मी! जिथे जाते तिथे लोक मला परिवर्तन ऐकवतात. एकानेही साधी खुर्ची मागितली नाही."

"मॅडम," प्राचार्यांनी खाडकन डोळे उघडले, "खुर्च्यांचं म्हणाल तर..."

पंखे आले, बसले आणि फिरू लागले. तपासणी समिती आली, हवा हुंगून गेली. प्रयोगशाळा राहिली, विभाग राहिला. ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? शेजारच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांचा बाईंना फोन आला. त्यांच्याही प्रयोगशाळेवर कुलपाची टांगती तलवार होती. आवाज अगदी रडवेला.

"बाई, मॅडम परवा आमच्याकडे येतायत. तुम्ही नेमकं काय मांडलंत हो त्यांच्यापुढे? तुमची संकल्पना काय होती?"

"संकल्पना कसली? पंखे हवेत म्हणाले."

"ते कळलं. पण मांडलंत कसं?"

"'पंखे हवेत,' असं मांडलं. तुम्हीही तेच म्हणा, मिळतील."

सर दुखावल्या आवाजात म्हणाले, "बाई, सांगायचं नसेल तर राहू द्या. पण इतक्या वर्षांची ओळख आपली, निदान थट्टा तरी करू नका."