घरापुरता समुद्र

"अहो, आपल्या घरावर कोणीतरी निळी रेघ ओढतंय," बायको फोनवर म्हणाली.

पालिकेच्या अभियंत्याने हातातला चहा टेबलावर ठेवला. "कुठून कुठे?"

"समुद्राकडच्या भिंतीवर. हॉलच्या खिडकीच्या बरोब्बर मधून. काचसुद्धा सोडली नाही मेल्यांनी. कोण आहेत हे?"

"आमचीच माणसं आहेत."

"आणि रेघ?"

"तीही आमचीच," अभियंता म्हणाला. नेमकं बोलायचं तर ती त्याचीच होती, पण अशा वेळी माणूस अनेकवचनात राहतो.

समुद्राकाठचा फिरायचा रस्ता मोठ्या भरतीला पाण्याखाली जाऊ लागला होता. आधी पाणी घोट्याइतकं यायचं, तेव्हा लोक चपला हातात घेऊन चालत आणि मजा येते म्हणत. मग फरशा उखडल्या, कठडा कलला आणि मजा कमी झाली. अभियंत्याने कित्येक वर्षं खपून आराखडा केला होता. रस्ता कमरेइतका उचलायचा, बाहेरून दगडांचा उतार, आतून पाण्याला वाट, वर बसायला बाकं. आराखड्यात खोट एकच होती, ती म्हणजे तो लोकांना पसंत पडावा लागणार होता. लोकांचं म्हणणं, रस्ता उचलला तर तळमजल्यावरून समुद्र दिसणार नाही. "नाही उचलला तर घरातच दिसेल," असं अभियंता एकदा सभेत म्हणाला. लोक मनापासून हसले आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

तेव्हा त्याला ही रेघेची कल्पना सुचली. काहीच केलं नाही तर नातवंडांच्या काळात पाणी कुठवर चढेल, ते रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीवर निळ्या रेघेने दाखवायचं. नकाशा न कळणाऱ्यालाही आपली खिडकी कळते. मोठ्या साहेबांना कल्पना फार आवडली, कारण तिला रंगाशिवाय काही लागत नव्हतं.

त्या रस्त्यावरच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर अभियंता स्वतः राहत होता, हे तो विसरला होता असं नाही. पण नकाशावर त्याच्या इमारतीला नुसता क्रमांक होता, आणि क्रमांकात कोणी राहतंय असं वाटत नाही.

"रविवारी घर बघायला गिऱ्हाईक येतंय," बायको सांगत होती. "दोन वर्षांतलं पहिलं. त्यांना मी हॉल दाखवू की बुडालेला हॉल?"

भिंतींना कायमची ओल होती आणि बायकोची छाती निजताना शिट्टी वाजवायची. कोरड्या जागी, वरच्या मजल्यावर राहायला जा, असं डॉक्टर सांगून थकले होते. बहिणीच्या शेजारची तशी एक जागा तिने हेरून ठेवली होती. ही विकली की ती घेता येणार होती.

अभियंता घाईघाईने घराकडे आला. पेंटर स्टुलावर उभा राहून रेघेचा शेवटचा हात मारत होता. खाली पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वेटोळं घालून पडली होती.

"साहेब, लेव्हल एकदम पक्की," पेंटर म्हणाला. "नळीनं घेतलीय. तिकडच्या सार्वजनिक शौचालयापासून इथपर्यंत केसाचा फरक नाही."

"फरक पाहिजे," अभियंता हळूच म्हणाला. "या एका इमारतीपुरती रेघ जरा खाली घ्या. जोत्याला लावून."

पेंटरने ब्रश डब्यात ठेवला. "म्हणजे समुद्र तिकडून ताठ येणार, तुमच्या दारात वाकणार, आणि पुढं गेला की परत ताठ?"

"तात्पुरतं आहे हो."

"मला काय, साहेब. वाकवतो." पण तो हाडाचा कारागीर होता. त्याने रेघ एकदम तोडली नाही. दोन्ही बाजूंनी अशी डौलात उतरवली, की समुद्र मुद्दाम नमस्कार करतोय असं वाटावं. काचेवरचा रंग त्याने रॉकेलने पुसला. कोपऱ्यात तेवढा थोडा राहिला.

रविवारी गिऱ्हाईक आलं. निवृत्त नर्सबाई होत्या, एकट्या. त्यांनी सगळे नळ सोडून पाहिले, दारं लावून पाहिली, भिंतीवर तळहात टेकवून पाहिला. ओल कळली तसा हात रुमालाला पुसला. बाहेर जाऊन पुन्हा एकदा घराकडे नीट पाहिलं. "पंधरा दिवसांनी येते," म्हणाल्या. "बहुतेक नक्की समजा."

बायकोने त्या रात्री बहिणीशी फोनवर पडद्यांच्या रंगाविषयी चर्चा केली.

सोमवारी शेजारच्या इमारतीतले वकीलकाका फाटकातच भेटले. "काय हो इंजिनीअर, समुद्र तुमच्या ओळखीचा दिसतो!"

"नाही, ते काय आहे, आमचं जोतं जरा..."

"आपली जोती एकाच बिल्डरनं घातलीत. तुमच्याकडे पाणी पायरीशी, आणि माझ्याकडे हॉलमधल्या माझ्या फोटोच्या नाकाशी? रेघ खाली घ्या. नाहीतर मला विचारावं लागेल, की हा उतार कोणाच्या हुकमानं पडला."

वकीलकाकांची रेघ खाली आली. मग त्यांच्या पलीकडच्यांची, कारण त्यांचं बँकेत कर्जाचं चाललं होतं. मग आइस्क्रीमवाल्याची, कारण बुडणाऱ्या दुकानात उभं राहून कोणी आइस्क्रीम खात नाही. एका आजोबांनी काहीच कारण दिलं नाही. ते नुसते रेघेकडे बघत उभे राहिले, आणि अभियंत्याला तेच सगळ्यात जड गेलं. नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडाने म्हणणार? पहिला घास त्यानेच घेतला होता. फक्त एक घरमालक उलटी मागणी घेऊन आला. "माझ्याकडे रेघ वर चढवा. छतापर्यंत चालेल. माझा भाडेकरू वरच्या मजल्यावर आहे, जागा सोडत नाही." त्याला मात्र अभियंत्याने नियम समजावून सांगितले.

पंधरवडा संपता संपता समुद्र रस्ताभर जोत्याखाली गेला. ज्या सभेसाठी हा सगळा खटाटोप होता ती भरली, तेव्हा वकीलकाका उभे राहिले.

"पालिकेनं स्वतः आपल्या हातानं दाखवून दिलंय," ते म्हणाले, "की नातवंडांच्या काळातसुद्धा पाणी आमच्या पायरीला लागत नाही. मग रस्ता उचलायचा कशासाठी? नातवंडांनी उड्या मारायला?"

टाळ्या पडल्या. अभियंता उभा राहिला. खरी उंची त्याला झोपेतसुद्धा सांगता आली असती. पण ती सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला होता. पहिली रेघ कोणाची वाकली? त्याने समोरचा पेला उचलला, पाणी प्याला आणि बसला.

"अभियंत्यांचीही हरकत दिसत नाही," मोठे साहेब म्हणाले. त्यांनाही घरी जायचं होतं. आराखडा एकमताने रद्द झाला. तो पैसा शोभेच्या दिव्यांना द्यायचं ठरलं. दिवे त्याच खालच्या रस्त्यावर लागणार होते.

ठरल्या दिवशी नर्सबाई चेकबुक घेऊन आल्या. बायकोने चांगले कप काढले होते.

"त्या रविवारी मी सगळा रस्ता चालून पाहिला," नर्सबाई म्हणाल्या. "जिथं तिथं रेघ खिडकीत. फक्त तुमच्याकडे खाली. तिथंच मन ठरलं, ताई. भिंतीच्या ओलीचं काय, रंग काढता येतो. गुडघ्यांमुळे मला खालचंच घर हवं, आणि इथून पुढे काही मी घरं बदलणार नाही. सगळी नोकरी थर्मामीटरच्या रेघेवर विश्वास ठेवण्यात गेली. नाही ठेवला तर काम कसं करणार? हीसुद्धा कोणीतरी मोजूनच ओढली असेल ना?"

अभियंत्याने कपात पाहिलं. कपात चहा होता.

बायकोला खोकल्याची उबळ आली. ती ओसरली तशी ती उठली, खिडकीशी गेली, आणि काचेच्या कोपऱ्यात उरलेल्या निळ्या डागावर तिने बोट ठेवलं.

"रेघ इथं होती," ती म्हणाली. "मी सांगितलं म्हणून यांनी खाली घेतली. बाकीच्यांच्या नंतर खाली आल्या."

नर्सबाईंनी अभियंत्याकडे वळून पाहिलं. "मोजली होती तुम्हीच?"

"हो."

"बरोबर मोजली होती?"

"हो."

"मग वाईट झालं," नर्सबाई म्हणाल्या आणि पर्सची चेन लावली. दाराशी गेल्यावर त्या थांबल्या. "ताई, वाफ घेत जा दोन वेळा. आणि या भिंतीला टेकून झोपू नका."

त्या गेल्यावर बायकोने कप उचलले. "तुम्ही का नाही बोललात?"

"मी बोलणारच होतो."

"सभेतही बोलणारच होतात," ती म्हणाली. तिने बहिणीला फोन लावला, पडद्यांचं राहू दे म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवून, आवाज चढू न देता नवऱ्याला विचारलं, "ती पाण्याची नळी कोणाकडे असते?"

नळी पेंटरने दिली. उरलेला रंगही दिला. आख्ख्या रस्त्यावर खरी रेघ आता एकाच ठिकाणी शाबूत होती, सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर. तिथे कोणी राहत नसल्यामुळे तक्रार आली नव्हती. संध्याकाळी अभियंता नळीचं एक टोक धरून तिथे उभा राहिला. दुसरं टोक धरून बायको आपल्या खिडकीशी.

"आली का?" तो ओरडला.

"थोडी वर... थोडी अजून... आली!" तिने पदर खोचला आणि स्वतःच ब्रश घेऊन रेघ ओढली. काचेवरूनही ओढली. रेघ ठिकठिकाणी जाड-बारीक झाली, पण वाकली नाही.

पुढच्या आठवड्यात दिवे लागलेसुद्धा. त्या रात्री अमावस्येची भरती होती. शोभेच्या नव्या दिव्यांखाली पाणी चढलं होतं आणि प्रत्येक दिवा दोनदा दिसत होता. त्यातून वकीलकाका फिरायला आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. खिडकीसमोर थांबून त्यांनी रेघ निरखून पाहिली.

"काय हो इंजिनीअर, आख्ख्या रस्त्यात तुमच्याच घराला तेवढा समुद्र जास्त?"

"नाही," अभियंता म्हणाला. "शौचालयालाही आहे."

वकीलकाकांनी मान डोलावली, बूट जरा वर उचलून धरले आणि पाणी तुडवत ते पुढे निघून गेले.