करडाच्या बुटांना अंड्याचा बलक

“पुस्तकात उत्तर नाही असा प्रश्न अजून जन्माला यायचाय,” असं निवृत्त ग्रंथपाल बायकोला म्हणाले आणि तिथेच फसले.

प्रश्न बुटांचा होता. त्यांची बायको, म्हणजे शाळेतल्या बाई, शिकवायला लागल्या, तेव्हा त्यांच्या वडिलांनी करडाच्या कातड्याचे बूट स्वतः शिवून दिले होते. इतके मऊ, की घडी करून मुठीत मावावेत. आज दुपारी बाईंचा निरोप समारंभ. शेवटच्या दिवशीही तेच घालायचे, हे त्यांनी वर्षापूर्वीच ठरवलं होतं. पण कपाटात पडून बूट पार लाकूड झाले होते. वडील तर केव्हाच गेले. दुसरे कोण शिवणार?

बाई न्हायला गेल्या, तसं ग्रंथपालांनी एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात स्वच्छ छापलं होतं: करडाचं कातडं बलक, पीठ आणि तुरटीत मळलं की लोण्यासारखं होतं. दाढीची तुरटी होतीच. त्यांनी चार अंडी फोडली, बूट मनापासून मळले आणि खिडकीत उन्हाला ठेवले.

अर्ध्या तासाने पाहतात तो काय, बूट कसले, भट्टीतून काढलेले दोन पाव! टिचकी मारली तर टकटक वाजले.

त्यांनी बूट घाईघाईने कागदात गुंडाळले. पुडकं काखेत मारून ते कोपऱ्यावरच्या मोच्याकडे पळत सुटले. त्याने वास घेतला आणि शांतपणे विचारलं, “काका, शिवायचेत की खायचेत?”

ग्रंथपालांनी बुटांचं वय सांगितलं आणि पुस्तकाचा हवाला दिला.

“अहो, ते कच्च्या कातड्याला. हे कमावून पस्तीस वर्षं झाली. पुढचं पान वाचलं नाहीत वाटतं?”

नव्हतं वाचलं.

मोच्याने ओल्या फडक्याने पापुद्रा सोडवला, बोटाने तेल जिरवलं, साच्यावर चढवून बूट चोळले. हळूहळू ते खरंच मऊ पडले. “वास मात्र आजचा दिवस राहील,” तो म्हणाला. बाई केस वाळवून, वेणी घालून बाहेर आल्या तेव्हा बूट दाराशी हजर होते, आणि ग्रंथपाल घामाघूम.

संध्याकाळी बाई परतल्या. बूट काढून मांडीवर घेतले, बराच वेळ कुरवाळले. “अगदी पहिल्या दिवसासारखे झालेत हो.”

ग्रंथपालांची छाती फुगली. मोच्याचं नाव घ्यावं की नाही, या विचारात ते होते.

“शाळेचं मांजर भाषणभर माझे पाय चाटत होतं,” बाई पुढे म्हणाल्या. “मुक्या जिवालाही माझं जाणं सोसत नाही, असं म्हणून दोघी शिक्षिका रडल्या. मीही रडले.” मग त्यांनी बूट नाकाशी नेला. “घरात अंडी उरलीत का, की तुमच्या चपलाही मळल्यात?”