यंत्रखोलीचं दार

सांगून कोणाला पटणार नाही, पण एका लिफ्टमिस्त्रीनं आपली शुगर अकराव्या मजल्यावरून खाली आणलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

मिस्त्री अस्सल कलावंत. नुसत्या खरखरीवरून कुठला नट सैल झालाय ते सांगायचा. पोट मात्र असं, की पायांतले बूट एकाच जोडीचे आहेत ना, हे बायकोला विचारावं लागे. डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरीणबाई अडून बसल्या.

"आधी शुगर उतरवा. उशीर केलात तर नजर जाईल."

"गोळ्या घेतोय की!"

"गोळ्या एकट्या किती ओढतील? पोटातली चरबी यकृतावर चढून बसलीय. इन्सुलिन दार ठोठावतंय, दार उघडत नाही."

दार अडकलंय एवढं मिस्त्रीला कळलं. ते उघडायचं कसं, ते कळेना.

त्याच आठवड्यात त्याच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. यंत्रखोली गच्चीवर. धापा टाकत गडी अकरा मजले चढला, खोलीच्या बोळकांडीसारख्या अरुंद दारात घुसला आणि बाटलीच्या बुचासारखा रुतला. सहा जणांनी पाय ओढले तेव्हा सुटला.

"दुसरा मिस्त्री बोलवा," सेक्रेटरी म्हणाला.

"माझ्या लिफ्टला परका हात? मी मेल्यावर!"

झालं! रोज सकाळी अकरा मजले चढायचे आणि दाराला अंग लावून बघायचं. जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायला ताट पुढे केलं की बायको विचारी, "हे दारातून जाईल का हो?" ताट मागे. बिऱ्हाडकरूंनी आधी शिव्या घातल्या, मग त्यांचेही पट्टे सैल झाले. तळमजल्यावरच्या मावशी तर काही काम नसताना वर जाऊन येऊ लागल्या!

त्र्याण्णवाव्या दिवशी मिस्त्री साबणाच्या वडीसारखा आत सटकला. एक तार सुटली होती. दोन मिनिटांत लिफ्ट सुरू, पण बसायला कोणी तयार नाही. वजन अठरा किलोनं कमी. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट तीनदा वाचला, "हा दुसऱ्या कुणाचा तर नाही ना?" म्हणून प्रयोगशाळेला फोन केला, मग निम्म्या गोळ्या बंद केल्या. ऑपरेशन झालं, नजर वाचली. असा माणूस, मंडळी, शंभर वर्षांत एकदाच जन्मतो!

"एकदाच जन्मतो तेच बरंय," शेजारी बसलेली आमची ही म्हणाली. "अहो, अकरा कुठले? चार मजले होते. आणि सहा जण कुठून आणलेत? तुमचे पाय मी एकटीनं ओढले!"