कमलताईंचे अकरा महिने

करी रोडच्या चाळीत कमलताईंचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. आमचा गौतम वस्तू बघून ती किती वर्षं टिकेल ते सांगतो, आणि चुकत नाही!

गौतम इंजिनियर होता. समुद्राखालून उच्च दाबाची डी.सी. वीज नेणाऱ्या केबलचे तुकडे तो भट्टीत तापवायचा, त्यांना जादा दाब द्यायचा, आणि ते कधी जळतात यावरून खरी केबल अजून किती वर्षं चालेल याचं गणित मांडायचा.

शनिवारी सकाळी तो गॅलरीत फोनवर साहेबांशी बोलत होता. कमलताई आत मेथी निवडत होत्या.

"वरून ठणठणीत दिसते सर, पण आतून पार गेलीय. फार तर अकरा महिने काढेल. दुसरी आणायचं आत्तापासूनच बघा."

कमलताईंच्या हातातली जुडी हातातच राहिली. सोमवारीच त्यांनी रक्त तपासून घेतलं होतं. रिपोर्ट गौतमच्या मोबाइलवर आला होता आणि सगळं नॉर्मल आहे, एवढंच तो म्हणाला होता, तेही मान वर न करता. आता सगळं जुळलं. फक्त हा दुसरी आई कुठून आणणार, तेवढं कळेना.

पण रडत बसणारी बाई नव्हती ती. तडक लालबागला जाऊन सहा किलो मसाला कुटून आणला, म्हणजे आपल्यामागे वर्षभर तरी घरचं कालवण बिघडायला नको. नऊ वर्षं सुनेपासून लपवलेलं मसाल्याचं प्रमाण कागदावर लिहून मेघनाच्या हातात दिलं. मेघनाला तर घामच फुटला. शेजारच्या राधाबाईंना मोरपिशी साडी दिली, आणि कुणाला बोलू नका असं बजावून सगळं सांगितलं.

रविवारी दुपारी अख्खा मजला केळी आणि सफरचंदं घेऊन दारात हजर. गौतम बाहेरून आला, तर जो तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून धीर धर म्हणू लागला. तो चपलांसकट आत धावला.

"आई, काय झालं तुला?"

"लपवू नकोस. अकरा महिने. तू सांगितलंस म्हणजे तेवढेच."

गौतमला समजायला मिनिट गेलं. मग त्याने मोबाइलवर रिपोर्ट उघडला. "आई, ती केबल! तुझी शुगरसुद्धा नॉर्मल आहे."

तो राधाबाईंनी दोनदा मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा कुठे कमलताईंचा श्वास मोकळा झाला. मग त्यांना राग आला. अकराच महिने कशावरून, असं त्यांनी विचारलं. गौतमने समजावलं, की केबल जितकी तापते तितकं तिच्या आतलं वेष्टण लवकर म्हातारं होतं. त्याने मोबाइलवर तापमानाचा आकडा दाखवला.

"समुद्रात एवढी तापते ती?" कमलताईंनी विचारलं.

"एवढी कुठली? हे तर भट्टीचं..." गौतमने आकडा पुन्हा पाहिला. भट्टीचं तापमान त्याने चालत्या केबलच्या रकान्यात भरलं होतं.

त्याने लॅपटॉप उघडून गणित पुन्हा मांडलं. केबलला अजून सव्वीस वर्षं होती.

त्याने लगेच साहेबांना फोन लावला. केबल बदलण्याचा अहवाल सोमवारी वरती जायचा होता. साहेबांनी फोनवर ऐकू येईल एवढा निःश्वास सोडला आणि चूक कुणाच्या लक्षात आली ते विचारलं.

गौतमने आईकडे पाहिलं. ती राधाबाईंकडून साडी परत घेण्यात गुंतली होती.

"आमच्या एक सीनियर आहेत, सर."

"वा! उद्याच्या मीटिंगला त्यांनाही घेऊन या."