उजव्या कुशीचं प्रकरण

झोपेच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये! माझं उशा-गाद्यांचं दुकान आहे. नुसतं बोटानं दाबून उशीत काय भरलंय ते सांगतो. आणि अशा माणसाला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे उशीनं झालंय!"

झालं होतं काय, तर उजव्या कानाच्या कडेवर हरभऱ्याएवढी गाठ आली होती. हात लागला की ब्रह्मांड आठवायचं.

"घाबरू नका, साधी गाठ आहे. रोज त्याच कुशीवर झोपून कानाची कूर्चा दबलीय, सुजलीय. आता डाव्या कुशीवर झोपा."

उशीवाल्यालाच उशी बाधली! बाहेर कळलं तर गिऱ्हाइकं फिदीफिदी हसतील, म्हणून घरातसुद्धा अवाक्षर काढलं नाही. गुपचूप डाव्या कुशीवर झोपू लागलो. एकच विसरलो. बायको माझ्या उजवीकडे झोपते!

लग्न झाल्यापासून तिच्याकडे तोंड करून झोपणारा नवरा एकाएकी पाठ फिरवून झोपला.

"माझं काही चुकलं का हो?"

"छे!" मी कळ दाबत म्हणालो. ते फारच तुटक निघालं असावं.

दुसऱ्या दिवशी ताटात सगळं माझ्या आवडीचं. मग तिनं आपणहून कबूल केलं, की माझा जुना कोट तिनंच कुणाला तरी देऊन टाकला होता. तो मी वर्षभर शोधत होतो! तरीही माझी पाठ हलेना, तेव्हा तिनं रडत माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

ताई म्हणजे आमच्या घरातलं हायकोर्ट. आली ती चपला न काढताच आत घुसली.

"एवढी गुणाची बायको, आणि तिला पाठ दाखवतोस?" असं म्हणून तिनं लहानपणच्या सवयीनं माझा कान धरला आणि पिळला. नेमका उजवा!

मी अशी बोंब ठोकली, की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन धावत आला, आणि त्याच्यामागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक!

"राग नाही गं, गाठ आहे गाठ! उशीवर कान दबून आलीय!"

"अगं बाई!" ताईचा चेहरा पडला.

"एवढं दुखत होतं, आणि मला सांगितलं नाहीत?" बायकोनं डोळे पुसले, कात्री घेतली आणि घरातल्या सगळ्यात चांगल्या उशीला मधोमध भोक पाडलं. कानाला कड टोचू नये म्हणून भोकाला आतून मऊ कापड शिवलं. हे मला, उशीवाल्याला, सुचलं नव्हतं!

त्या रात्री उजव्या कुशीवर झोपलो. कान भोकात अलगद मावला, कळ नाही की काही नाही. समोर बायकोचा चेहरा. मला भरूनच आलं. इतका जीव लावणारं माणूस शेजारी आहे, आणि मी त्याच्यापासून कान लपवत होतो!

"तुझे उपकार कसे फेडू गं?"

"फेडायचेच असतील, तर पुन्हा तिकडे तोंड करा," ती जांभई देत म्हणाली. "तुम्ही रागावलात म्हणून दिवसभर रडत होते खरी, पण तुमचं घोरणं भिंतीकडे गेल्यापासून झोप काय लागते म्हणून सांगू!"

मी निमूटपणे कूस बदलली.