वाघमहाराजांच्या तळ्याची हिवाळी तयारी

एका जंगलात एका वाघाची कंबर धरायची, बाळांनो. वाघ राजा होता, म्हणून त्याच्या कंबरेची काळजी अख्ख्या जंगलाला.

मग कंबर शेकली जावी म्हणून डोंगरमाथ्यावर महाराजांसाठी पोहायचं तळं बांधलं. ते गरम राहावं म्हणून शेजारच्या खडकावर सौर पॅनेलं बसवली. पंपाने पाणी वर चढायचं, काळ्या नळ्यांतून फिरून उन्हाने तापायचं आणि परत तळ्यात यायचं. उन्हाळ्यात तर इतकं तापायचं, की बेडूक आपणहून बाहेर येऊन बसायचे. प्रगती म्हणतात ती हीच.

पॅनेलं बसवणारा करकोचा परमुलखातला. जाताना त्याने भर दरबारात सांगितलं, "कडक थंडी पडायच्या आधी ही चावी डावीकडे फिरवा. नळ्यांतलं पाणी सोडून द्या आणि पंप बंद ठेवा. पाणी आत राहिलं तर गोठून फुगेल, नळ्या फुटतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. करकोच्याचा सत्कार झाला. करकोचा उडून गेला.

तळ्याची देखभाल सगुणाबाई साळिंदर यांच्याकडे होती. बाई कामाला चोख. पण तळे-अधिकारी म्हणून गळ्यात लाल पट्टा मिळाला होता, त्यावर त्यांचा फार जीव. झोपतानासुद्धा काढायच्या नाहीत.

कार्तिक सरला. गवतावरचं दव सकाळी पायाखाली कुरकुरायला लागलं. सगुणाबाई खडकावर गेल्या, चावीवर पंजा ठेवला. फिरवणार, एवढ्यात मनात आलं, एकदा वर विचारलेलं बरं.

इथेच, बाळांनो, बाई चुकल्या.

दरबारात तरस प्रधान होते. त्यांनी विचारलं, "पाणी सोडायचं म्हणजे तळं गार होणार?"

"थंडीत ते तसंही गारच असतं," सगुणाबाई बोलून गेल्या.

हे ठाऊक सगळ्यांनाच होतं. थंडीत महाराज तळ्यात उतरले की त्यांचे दात वाजायचे. मग प्रधान काठावरून म्हणायचे, "वाफा निघताहेत, महाराज." ते धुकं असायचं. पण महाराजांना ऊब वाटायची.

"बाई," प्रधान गोड आवाजात म्हणाले, "उद्घाटनाच्या दगडावर काय कोरलंय? 'बारमाही गरम तळं.' दगड खोटा पाडायचा का?"

"दगडाचं काही म्हणणं नाही माझं. नळ्या..."

पण तोवर समिती नेमली गेली होती. समितीत मोर, रेडा आणि ससा. समिती भर दुपारी पाहणीला गेली. छान ऊन पडलं होतं. मोराने पिसारा शेकून घेतला. रेड्याला डुलकी लागली. संध्याकाळी अहवाल आला: थंडी आढळली नाही. तरीही खबरदारी म्हणून पॅनेलांना शाल पांघरून श्रीफळ द्यावं.

त्या संध्याकाळी सगुणाबाई पुन्हा खडकावर गेल्या. पॅनेलं शाल पांघरून बसली होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. चावी हाताशी होती. बाईंनी गळ्यातला पट्टा चाचपला आणि त्या घरी गेल्या.

पहाटे खडकावर कडकड आवाज झाले. ऊन वर आलं, नळ्यांतला बर्फ वितळला आणि पॅनेलांतून शालीसकट कारंजी उडाली.

दरबार भरला. "नळ्यांना भोकं पडली आहेत," प्रधान म्हणाले. "आता मला सांगा, भोकं कशाने पडतात?"

सगळ्यांनी सगुणाबाईंच्या पाठीकडे पाहिलं.

"अहो, हे काटे जन्मापासून आहेत माझे," सगुणाबाई म्हणाल्या.

"म्हणजे कट जुना आहे," प्रधान म्हणाले.

पट्टा निघाला. करकोच्याला बोलावून नवी पॅनेलं बसवली. पट्टा धोंडोपंत कासवांच्या गळ्यात पडला. त्यांच्या अंगावर टोकदार काही नव्हतं.

पुढचा हिवाळा तोंडावर आला, तसे धोंडोपंत हळूहळू चालत सगुणाबाईंच्या बिळाशी आले.

"बाई, चावी डावीकडेच ना?"

"डावीकडेच."

"आधी कुणाला विचारू का?"

वर्षभर बिळात पडून सगुणाबाईंनी याच प्रश्नाचं उत्तर घोकलं होतं.

"नका विचारू. चला, मी येते सोबत."

दोघं खडकावर गेले. धोंडोपंतांनी पंप बंद केला, चावी फिरवली. नळ्यांतलं पाणी गळागळा उताराला लागलं. ते ऐकताना सगुणाबाईंनी वर्षभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

त्या वर्षी थंडी अशी पडली, की झऱ्याच्या कडेला बर्फ धरला. एकही नळी फुटली नाही.

एका सकाळी महाराज तळ्यात उतरले. "गार लागतंय," ते म्हणाले.

"पंप बंद आहे, महाराज. कासवाने नळ्यांतलं पाणी सोडलं," प्रधानांनी सांगितलं.

"का?"

"थंडीने नळ्या फुटतील म्हणून."

"मग फुटल्या का?"

"एकही नाही, महाराज."

"मग सोडलं कशाला?"

"सोडलं म्हणूनच फुटल्या नाहीत," धोंडोपंत म्हणाले.

दरबार खो खो हसला. राजाचं पाणी विनाकारण सोडल्याबद्दल पट्टा निघाला.

संध्याकाळी सगुणाबाई आणि धोंडोपंत उतरत्या उन्हात बसले होते.

"मी विचारलं, म्हणून गेले," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्ही विचारलं नाही, म्हणून गेलात."

"मग करायचं तरी काय होतं?"

त्याचं उत्तर सगुणाबाईंना सापडलं नाही. ते सशाला सापडलं. नवा तळे-अधिकारी म्हणून त्याने पट्टा घातला, पॅनेलांत पुन्हा पाणी भरून घेतलं आणि त्याच दिवशी होळीपर्यंतची आजारी रजा टाकली. नळ्या आठवड्याभरात फुटल्या. पण रजेवरच्या माणसाला कोण काय बोलणार? उलट महाराजांनी त्याच्या प्रकृतीची चौकशी केली.

तात्पर्य: बाळांनो, थंडीची तयारी नेहमी वेळेवर करावी. पहिलं दव गोठायच्या आत रजा मंजूर करून घ्यावी.