शलमोनदादांचा शिबिराचा अर्ज

एका जंगलात एक नियम होता, मुलांनो. शिकायला मोठ्यांनी जायचं आणि काम धाकट्यांनी करायचं. का, असं विचारायचं नाही. विचारलं, तर विचारणारा अजून धाकटाच आहे एवढं सिद्ध व्हायचं आणि त्याला आणखी काम मिळायचं.

या जंगलात प्राण्यांचं एक चर्च होतं. पाळकसाहेब होते बगळा. वेगळा पांढरा झगा शिवावा लागणार नाही म्हणून त्यांना नेमलं, असं मंडळीतले चावट लोक म्हणत.

चर्चच्या कचेरीत तबीथा नावाची टिटवी व्यवस्थापक होती. ती लग्नांच्या तारखा लावायची. कबरस्तानाचा नकाशा सांभाळायची. गळकी कौलं बदलून घ्यायची. रविवारी कोणत्या काकूंना कोणत्या काकूंपासून चार बाकं लांब बसवायचं, हेही तीच बघायची.

तिच्या डोक्यावर वडीलमंडळ होतं. अध्यक्ष शलमोनदादा गवा. चिटणीस नहूमकाका कासव. ते दोघं काय करायचे? मुलांनो, ते डोक्यावर असायचे. सांगितलं ना.

दरवर्षी नदीपलीकडून एक पत्र यायचं. चर्चच्या व्यवस्थापकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण शिबिर. पत्र यायचं व्यवस्थापकाच्या नावानं. जायचं वडीलमंडळ.

एका वर्षी विषय होता ‘वेळेचं नियोजन’. नहूमकाका गेले. ते पोचले तेव्हा समारोप चालू होता. प्रमाणपत्र मात्र मिळालं. परत आल्याबरोबर त्यांनी उत्साहानं एक तारीख स्वतः लावली. एकाच शनिवारी, एकाच वेळी, रानडुकराच्या मुलीचं लग्न आणि तरसाच्या मुलाचं लग्न. एकमेकांशी नव्हे. पण वेदीपुढे इतकी गर्दी झाली, की पाळकसाहेब त्यांचं एकमेकांशीच लावून देणार होते. तबीथानं बाकावर उभं राहून आरडाओरडा केला म्हणून दोन्ही वऱ्हाडं वेगळी झाली.

नंतर बैठकीत तिला बोलणी बसली. चर्चमध्ये ओरडल्याबद्दल.

पुढच्या वर्षी विषय होता ‘संवादकौशल्य’. शलमोनदादा गेले. तेव्हापासून बैठकीत दुसरं कोणी बोललेलं नाही.

यंदाचं पत्र आलं. विषय होता ‘तरुणांकडे जबाबदारी कशी सोपवावी’. खाली एक नवी ओळ होती. येत्या हिवाळ्यापासून, ज्याच्याजवळ यंदाच्या शिबिराचं प्रमाणपत्र असेल, तोच चर्चच्या कचेरीत बसेल.

तबीथानं ती ओळ दोनदा वाचली. मग पत्र वडीलमंडळाला दाखवलं आणि दोन दिवसांनी ते घेऊन बैठकीला गेली.

“दादा, यंदा मला जाऊ द्या. नाहीतर माझी जागा जाईल.”

“छान विषय आहे,” शलमोनदादा म्हणाले. “तरुणांकडे जबाबदारी. हे मलाच गेलं पाहिजे.”

“दादा, तरुण मी आहे.”

“म्हणून तर! तुझ्याकडे सोपवायचं कसं, ते मी शिकून येतो. मग सोपवतो. शिकल्याशिवाय सोपवलं आणि काही चुकलं तर?”

“पण हिवाळ्यापासून कचेरीत कोण बसणार?”

“प्रमाणपत्र माझ्याजवळ, म्हणजे मीच बसेन. बसायचं काम माझं. बाकीचं तू कर ना, कोण नाही म्हणतंय?”

“कुठून करू?”

“बाहेर पायरी आहे की,” नहूमकाका म्हणाले. “हवेशीर.”

तबीथानं पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते एका पायावर उभे होते आणि डोळे मिटून होते. डोळे न उघडता म्हणाले, “नम्रता, पोरी. सेवकाला खुर्ची कशाला? प्रभूनं पाय धुतल्याचा तो प्रसंग आठव.”

“आठवतो, साहेब. मोठ्यानं धाकट्यांचे धुतले होते.”

पाळकसाहेबांनी वर घेतलेला पाय आणखी वर घेतला.

“टिवटिव पुरे,” शलमोनदादा म्हणाले. “अर्जाचं बघू. यंदा त्यांनी नवीनच खूळ काढलंय. आपल्या एका दिवसाचं काम स्वतःच्या शब्दांत लिहून पाठवायचं. त्यावरून निवड. मी लिहिलंय थोडं. नहूम, वाच रे.”

नहूमकाकांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

“‘सकाळी चर्चला आलो. तबीथाला हाक मारली. कामाची चौकशी केली. काम चालू होतं. दुपारी जेवून आलो. तबीथाला हाक मारली. ती छपरावर होती, म्हणून पुन्हा हाक मारली. संध्याकाळी फार थकवा आला.’”

नहूमकाकांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

“खरं आहे अगदी,” नहूमकाका हळूच म्हणाले, “पण जरा आटोपशीर वाटतं.”

“तेच म्हणतो मी,” शलमोनदादा म्हणाले. “तबीथा, तू जरा भरीव करून दे. तारखा, कौलं, कबरस्तान, काय काय ते घाल. नेहमीसारखं. खाली सही मी ठोकतो.”

“नाही,” तबीथा म्हणाली.

शलमोनदादांना वाटलं, ती ‘आज नाही’ म्हणते आहे.

“बरं, उद्या दे.”

“उद्याही नाही. तो दिवस माझा आहे, दादा. मी तो लिहून काढला, खाली माझं नाव घातलं आणि सकाळच्या होडीनं पाठवूनही दिला.”

“वडीलमंडळाला न विचारता?”

“पत्र व्यवस्थापकाच्या नावानं आलं होतं. शेवटपर्यंत वाचलं. वडीलमंडळाला विचारा, असं कुठंही नाही.”

“मग माझ्या अर्जाचं काय?”

“पाठवा की. तुमचा दिवस तुम्ही लिहिलाच आहे. त्यातली एक ओळही मी बदलणार नाही.”

शलमोनदादांनी नहूमकाकांकडे पाहिलं. नहूमकाकांनी मान कवचात घेतली. पाळकसाहेबांनी डोळे उघडले, समोर काय आहे ते पाहिलं आणि पुन्हा मिटले. शलमोनदादांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. संवादकौशल्याच्या शिबिरात ही पाळी आल्यावर काय करायचं, ते शिकवलं नव्हतं.



तात्पर्य, मुलांनो, मोठ्यांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे: धाकट्यांना प्रशिक्षणाला मुळीच पाठवू नये. न जाताच ज्यांना एवढं येतं, ते जाऊन आल्यावर आपलं काय करतील?